एक प्रेक्षक, एक फाऊल चेंडू आणि शिकागोचा राग

१४ ऑक्टोबर २००३ च्या रात्री शिकागोच्या रिगली फील्डवर एका प्रेक्षकाने आपल्या दिशेने येणारा चेंडू पकडायला हात पुढे केला. त्याच्या आजूबाजूला बसलेल्यांनीही केला. चेंडू नेमका त्याच्या हाताला लागला. तासाभरात त्याचा लाडका बेसबॉल संघ, शिकागो कब्स, जिंकत आलेला सामना हरला आणि अख्ख्या शहराने पराभवाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. पुढची कित्येक वर्षं ते तिथंच राहिलं.

तो खेळाडू नव्हता, पंच नव्हता, संघाचा पगारी माणूसही नव्हता. तिकीट काढून सामना बघायला आलेला एक साधा चाहता होता. त्याचं नाव इंटरनेटवर सहज सापडतं, पण मी ते इथे लिहिणार नाही. त्याचं नाव गावभर करणं हाच त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा सर्वांत मोठा भाग होता. त्या रात्री नेमकं काय घडलं, नियम काय सांगतो, आणि हजारो शहाणीसुरती माणसं एका चाहत्यावर इतकी का उलटली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

बेसबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी

सामना नऊ इनिंगचा असतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना एकेकदा बॅटिंग मिळते आणि तीन जण बाद झाले की पाळी संपते. बॅटिंग करणारा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसला पाय लावत जिथून निघाला तिथे, म्हणजे ‘घरी’, परतला की एक धाव. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, ठरलेल्या पट्ट्यात नीट आलेला चेंडू बॅटरने सोडला, किंवा फिरवलेली बॅट चेंडूला लागलीच नाही, तर ‘स्ट्राइक’. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. पट्ट्याबाहेर गेलेला चेंडू त्याने सोडून दिला तर तो ‘बॉल’. असे चार झाले की त्याला चालत पहिल्या बेसवर जायला मिळतं. याला ‘वॉक’ म्हणतात.

आपल्या कामाचा नियम फाऊलचा आहे. क्रिकेटमध्ये चेंडू मागे, बाजूला, कुठेही मारता येतो. बेसबॉलच्या मैदानावर मात्र दोन रेषांनी एक कोन आखलेला असतो आणि चेंडू त्या दोन रेषांच्या आतच मारावा लागतो. बाहेर गेला की फाऊल. फाऊलवर धाव नाही. आधीच दोन स्ट्राइक झालेले असतील तर साध्या फाऊलमुळे तिसरा स्ट्राइक धरत नाहीत, बॅटरला पुढचा चेंडू मिळतो. पण फाऊल गेलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने हवेतच झेलला, तर बॅटर बाद.

बेसबॉलची एक प्रथाही माहीत असायला हवी. क्रिकेटमध्ये षटकार स्टँडमध्ये गेला तर चेंडू परत टाकावा लागतो. बेसबॉलमध्ये स्टँडमध्ये आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. लोक तो घरी नेतात, काचेच्या पेटीत ठेवतात, नातवंडांना दाखवतात. कित्येक प्रेक्षक, लहान मुलं तर हमखास, झेल घेण्यासाठी घरून हातमोजा घेऊन येतात. तेव्हा चेंडू आपल्याकडे येताना दिसला की हात वर करणं याला तिथे कोणी आगाऊपणा समजत नाही. सामना पाहण्यातल्या आनंदाचा तो एक भाग आहे आणि लहानपणापासून प्रत्येकाला तो शिकवलेला असतो. रिगली फील्ड १९१४ सालचं मैदान. फाऊल रेषेच्या बाहेरची जागा तिथे फार कमी आहे, त्यामुळे पहिल्या रांगेतला माणूस खेळाच्या अगदी काठावर बसलेला असतो.

आठवी इनिंग

कब्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या विजेतेपदाची मालिका, जिंकली होती १९०८ मध्ये. वर्ल्ड सिरीज खेळायची संधीही १९४५ नंतर मिळालेली नव्हती. १९४५ मध्ये एका बारमालकाला त्याच्या बोकडासह मैदानातून बाहेर काढलं गेलं आणि त्याने शाप दिला, अशी एक कथा शिकागोत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९८४ मध्ये संघ वर्ल्ड सिरीजच्या दाराशी पोचला होता. पाच सामन्यांच्या मालिकेतले पहिले दोन जिंकून पुढचे तिन्ही हरला. पणजोबापासून पणतूपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिलेला संघ म्हणजे कब्स. त्या रात्री मैदानात बसलेल्यांच्या मनात हे सगळं साचलेलं होतं.

२००३ मध्ये नॅशनल लीगच्या (अमेरिकन बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) अंतिम मालिकेत समोर फ्लोरिडा मार्लिन्स होते. सातपैकी चार सामने जिंकणारा वर्ल्ड सिरीजमध्ये जाणार होता. कब्स ३-२ ने पुढे होते. सहाव्या सामन्यात आठव्या इनिंगला त्यांच्याकडे ३-० अशी आघाडी होती आणि मार्क प्रायर हा तरुण पिचर झकास टाकत होता. एक बाद झालेला. म्हणजे या इनिंगमधले दोन आणि नवव्यातले तीन, असे फक्त पाच बाद हवे होते.

मार्लिन्सचा हुआन पिएर दुसऱ्या बेसवर उभा होता. लुईस कास्तियोच्या नावावर तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झाले होते. त्याने मारलेला चेंडू डाव्या बाजूला फाऊल रेषेबाहेर उंच उडाला. कब्सचा क्षेत्ररक्षक मोइसेस अलू धावत कठड्यापाशी गेला आणि हातमोजा उंचावून त्याने उडी मारली. वरून चार-पाच हात खाली आले. चेंडू एका हाताला लागून उसळला. अलूने रागाने हातमोजा आपटला आणि प्रेक्षकांच्या दिशेने काहीतरी ओरडला. सगळं मिळून काही सेकंदांचा खेळ.

ज्याच्या हाताला चेंडू लागला त्याने कब्सची टोपी घातली होती आणि कानाला हेडफोन लावले होते. समोर चाललेल्या सामन्याचंच रेडिओवरचं धावतं वर्णन तो ऐकत होता. इतका तो त्या खेळात बुडालेला होता.

यानंतर जे घडलं ते सावकाश वाचावं, कारण सगळा हिशोब इथे आहे. कास्तियोला चौथा बॉल मिळून वॉक मिळाला. तो चेंडू यष्टिरक्षकाच्या हातातून निसटला आणि पिएर तिसऱ्या बेसवर गेला. पुढच्या इव्हान रॉड्रिगेझविरुद्ध प्रायरने दोन स्ट्राइक मिळवले होते, एकही बॉल गेला नव्हता. तरी रॉड्रिगेझने फटका मारला आणि पिएर घरी आला. ३-१. मग मिगेल काब्रेराने जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉप अ‍ॅलेक्स गॉन्झालेझकडे चेंडू मारला. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, आणि गॉन्झालेझ भरवशाचा मानला जायचा. असा चेंडू उचलून दुसऱ्या आणि पहिल्या बेसवर पाठवला की एका फटक्यात दोन बाद मिळू शकतात. गॉन्झालेझच्या हातून चेंडू सुटला. दोन सोडाच, एकही बाद मिळाला नाही. तिन्ही बेस भरले.

डेरेक लीने लांब फटका मारून ३-३ बरोबरी केली. प्रायर गेला, काइल फार्न्सवर्थ आला. एक वॉक मुद्दाम दिला गेला. जेफ कोनाइनच्या झेल गेलेल्या उंच फटक्यावरही एक धाव निघाली आणि मार्लिन्स पुढे गेले. पुन्हा एक वॉक मुद्दाम, पुन्हा बेस भरलेले, आणि माइक मोर्डेकायच्या फटक्यावर एकदम तिघेजण घरी आले. मग आणखी एक पिचर, आणखी एक धाव. एका इनिंगमध्ये आठ धावा. सामना ८-३ असा संपला.

दुसऱ्या दिवशी सातवा सामना त्याच मैदानावर झाला. अलूच्या फटक्यावर कब्स तिसऱ्या इनिंगमध्ये ५-३ ने पुढेही गेले होते. तिथून ते ९-६ ने हरले. मालिका संपली. पुढे मार्लिन्सनी न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली.

हिशोब

आधी नियमाचं बोलू. प्रेक्षकाने मैदानाच्या हद्दीत हात घालून क्षेत्ररक्षकाला झेल घेऊ दिला नाही, तर पंच बॅटरला बाद देऊ शकतात. पण क्षेत्ररक्षक स्वतःच कठड्यापलीकडे किंवा स्टँडमध्ये हात नेत असेल, तर ती जोखीम त्याची. तिथे प्रेक्षकाने अडथळा आणला असं धरलं जात नाही. डाव्या रेषेवर उभा असलेला पंच माइक एव्हरिट याने चेंडू कठड्याच्या पलीकडे, प्रेक्षकांच्या हद्दीत होता असा निर्णय दिला. म्हणजे नियमाच्या भाषेत त्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नव्हतं. तो आपल्या जागेवर होता आणि चेंडूही त्याच्या बाजूला आला होता.

आता खेळाचं. फाऊल होण्याआधी काय स्थिती होती? ३-० आघाडी, एक बाद, दुसऱ्या बेसवर धावपटू, बॅटरवर तीन बॉल आणि दोन स्ट्राइक. फाऊल झाल्यानंतर? अक्षरशः तीच. कब्सकडे होतं त्यातलं काहीही गेलं नाही. मिळू शकणारा एक बाद मिळाला नाही, इतकंच. आणि तो मिळालाच असता हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. खुद्द अलूने पुढच्या काळात याबद्दल कधी एक सांगितलं, कधी दुसरं.

त्या क्षणाने काहीच फरक पडला नाही, असं म्हणणंही खरं नाही. झेल मिळाला असता तर कब्सचं काम नक्कीच सोपं झालं असतं. प्रश्न किती, एवढाच आहे. म्हणून एक साधी बेरीज-वजाबाकी करून पाहू. खेळात एक गोष्ट बदलली की पुढचं सगळंच बदलतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण कशाचं वजन किती होतं याचा अंदाज त्यातून येतो.

समजा, प्रेक्षकाचा हात लागला, बाकी सगळं तसंच घडलं, फक्त गॉन्झालेझने तो चेंडू नीट उचलून दोघांना बाद केलं. इनिंग तिथेच संपते. कब्स ३-१ ने पुढे आणि शेवटचे तीन बाद बाकी. त्या हाताची आठवणही कुणाला राहिली नसती.

आता उलटं धरा. अलूने झेल घेतला, कास्तियो बाद, पण गॉन्झालेझच्या हातून चेंडू सुटलाच. रॉड्रिगेझच्या फटक्याने ३-१, रॉड्रिगेझ दुसऱ्या आणि काब्रेरा पहिल्या बेसवर, समोर डेरेक ली. त्याच्या त्याच लांब फटक्याने ३-२ झालं असतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर दोघे उभे असते. म्हणजे पुढच्या एका फटक्यात आघाडी जाण्याची वेळ. हात बाजूला काढला तरी संकट संपत नाही. सुटलेला चेंडू बाजूला काढला तर संपतं. ही तुलना केल्यावर ‘त्याच्यामुळे हरलो’ हे वाक्य मला कुठल्याच अंगाने टिकताना दिसत नाही. शिवाय आधीचा पाचवा सामना ४-० ने हरलेला होता आणि सातवा अजून खेळायचाच होता. मालिका जिंकायच्या तीन संधींपैकी एका संधीतला हा एक क्षण.

गॉन्झालेझला दोष द्यावा असंही मला म्हणायचं नाही. चेंडू हातातून सुटतात. प्रायर थकला होता, शंभराहून जास्त चेंडू टाकून झाले होते, त्याला आधी बदलायला हवं होतं का, यावर शिकागोत आजही वाद होतो. मार्लिन्स त्या इनिंगमध्ये सुरेख खेळले, हे तर कुणी बोलतच नाही. पराभवाला अशी पाच-सात कारणं असतात आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात. मग सगळा राग एकाच माणसावर कसा गोळा झाला?

डॅनियल कानेमन आणि एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक प्रयोग मांडला होता. लोकांना एका अपघाताची गोष्ट वाचायला दिली. एक गृहस्थ ऑफिसमधून घरी जाताना चौकात ट्रकच्या धडकेने मरतो. ट्रक चालवणारा मुलगा नशेत आहे. गोष्टीच्या एका रूपात तो गृहस्थ त्या दिवशी नेहमीच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने निघालेला असतो. दुसऱ्या रूपात रस्ता नेहमीचाच, पण तो लवकर निघालेला असतो. मग लोकांना विचारलं, त्याच्या घरच्यांच्या मनात कोणता ‘अमुक झालं नसतं तर’ आला असेल? पहिल्या गटातले बरेच जण म्हणाले, ‘तो नेहमीच्या रस्त्याने गेला असता तर.’ दुसऱ्या गटातले म्हणाले, ‘तो वेळेवर निघाला असता तर.’ नशेत ट्रक चालवणारा मुलगा, ज्याचा खरा दोष, तो फार थोड्यांना आठवला.

घडलेलं मनातल्या मनात पुसून टाकायचं असतं तेव्हा आपण सर्वांत मोठं कारण शोधत नाही. सर्वांत वेगळी, रोजच्या चाकोरीबाहेरची गोष्ट शोधतो, कारण ती नसल्याची कल्पना करणं सगळ्यात सोपं. पिचरने वॉक देणं, बॅटरने फटका मारणं, क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटणं, हे सगळं प्रत्येक सामन्यात होतं. प्रेक्षकाच्या हाताला लागून झेल हुकणं रोज होत नाही. म्हणून मन बरोबर तिथे जाऊन थांबलं. एखादी गोष्ट वेगळी होती आणि तीच कारण होती, या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत. पण दुःखात बुडालेल्या माणसाला तो फरक दिसत नाही.

राग कसा चढत गेला तेही पाहण्यासारखं आहे. रिगली फील्डवर तेव्हा मोठा व्हिडिओ पडदा नव्हता. मैदानातल्या बहुतेकांना नेमकं काय झालं ते दिसलंच नव्हतं. टीव्हीवर मात्र तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवला जात होता. घरून फोन आले, कुणाकडे छोटे टीव्ही होते, कुणाकडे रेडिओ, आणि तो माणूस कुठे बसलाय ही बातमी रांगारांगांतून पसरली. फाऊल झाला तेव्हा त्याच्यावर ओरडणारे थोडे होते. एकेक धाव निघत गेली तशी संख्या वाढत गेली, मग सगळा स्टँड शिव्यांचा एकच घोष करू लागला. त्याच्यावर बिअर आणि खाण्याच्या वस्तू फेकल्या गेल्या. त्याने मधल्या वेळात नवीन काहीही केलेलं नव्हतं. तो नुसता बसून होता. त्याचा ‘गुन्हा’ मोठा होत होता तो इतरांनी काढलेल्या धावांमुळे.

कुणी कसं वागलं हे ठरवताना आपण त्याच्या वागण्याकडे बघण्याऐवजी परिणामाकडे बघतो. इंग्लंड-अमेरिकेतले तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी याच प्रश्नावर पुष्कळ लिहिलं आहे. दोन माणसं सारखीच वागतात, त्यातल्या एकाच्या वाट्याला दुर्दैव येतं आणि आपण फक्त त्यालाच वाईट ठरवतो. रिगली फील्डच्या त्या चित्रात हे इतकं स्पष्ट आहे की वेगळं उदाहरण नको. शेजारच्या चार-पाच जणांनी तेच केलं, त्याच क्षणी, त्याच हेतूने. वाऱ्याने चेंडू वीतभर इकडे-तिकडे नेला असता तर नाव दुसऱ्याचंच झालं असतं. त्या शेजाऱ्यांना पुढे कुणी त्रास दिला नाही, आणि द्यायला नको होताच.

तिसरी गोष्ट ‘आपण’ आणि ‘ते’ यांची. रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरला की ‘ते हरले’. विजयात स्वतःला धरायचं, पराभवातून अलगद बाजूला व्हायचं. कब्सच्या चाहत्यांना मात्र बाजूला होणं शक्य नव्हतं. पंचाण्णव वर्षांची ती वाट त्यांच्या घराण्यांची होती. संघाला सोडता येत नाही आणि पराभव तर सोसवत नाही, अशा वेळी आपल्यातलाच एक बाहेर काढून त्याला परका ठरवणं हा मनाने शोधलेला मार्ग. गॉन्झालेझवर रागवलं तर संघावर रागावल्यासारखं होतं. या माणसावर रागवायला काहीच आड येत नव्हतं. त्याच्यामागे ना संघ होता, ना व्यवस्थापक, ना उद्याच्या सामन्यात चांगलं खेळून भरपाई करायची संधी. मला हे सगळ्यात क्रूर वाटतं. खेळाडूची चूक झाली तर त्याला पुन्हा मैदानात उतरता येतं. प्रेक्षक कुठे उतरणार?

सुरक्षारक्षकांनी त्याला तिथून बाहेर काढलं. कुणी ओळखू नये म्हणून कपडे बदलून त्याला मैदान सोडावं लागलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचं नाव छापून आलं होतं आणि घरचा पत्ता इंटरनेटवर फिरत होता. घराबाहेर पोलिसांच्या गाड्या लावाव्या लागल्या. इलिनॉयच्या गव्हर्नरने त्याच्यावर विनोद केला, फ्लोरिडाच्या गव्हर्नरने त्याला आश्रय देण्याची थट्टा केली. जिवाला घोर लागलेल्या एका सामान्य माणसाबद्दल दोन राज्यांचे प्रमुख असं बोलतात, तेव्हा गर्दीला परवानाच मिळतो. त्यांनी त्या दिवशी ‘त्याला त्रास देऊ नका’ एवढंच सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. कब्स संघाने मात्र त्याची बाजू घेणारं निवेदन काढलं. एका प्रेक्षकामुळे सामना जिंकला किंवा हरला जात नाही, असा त्याचा आशय होता.

त्याने स्वतः एक छोटं निवेदन दिलं. माझे डोळे चेंडूवर होते, अलू येतोय हे दिसलं नाही, दिसलं असतं तर बाजूला होण्यासाठी मी काहीही केलं असतं, मनापासून क्षमा मागतो, असं त्यात म्हटलं होतं. फ्लोरिडाच्या चाहत्यांना त्याला भेटवस्तू पाठवायच्या होत्या. त्या लहान मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या संस्थेला द्या, असं त्याने सुचवलं. जाहिरातींची, मुलाखतींची मोठमोठी आमिषं आली, ती सगळी नाकारून तो गप्प राहिला. आजवर राहिला आहे. त्या काळात सर्वांत नीट वागलेला माणूस तोच होता, असं मी मानतो.

तो चेंडू तर लिलावात एक लाख डॉलरहून जास्त किमतीला विकला गेला. शिकागोतल्या एका रेस्टॉरंटने तो घेतला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये चाहत्यांसमोर स्फोट करून उडवून दिला. लोकांना निचरा हवा होता हे कळतं. पण त्या समारंभाने एक गोष्ट आणखी पक्की केली, ती म्हणजे पराभव त्या एका चेंडूतच होता.

हे कब्सच्याच वाट्याला आलं असं नाही. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टन रेड सॉक्सच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि सहावा सामना हातचा गेला. तो क्षण आला तेव्हा आघाडी आधीच संपून सामना बरोबरीत होता, आणि सातवा सामना बाकी होता, जो बॉस्टनने आघाडी घेऊनही घालवला. तरी बोलणी बकनरलाच बसली. २००८ मध्ये तो बॉस्टनच्या मैदानावर परतला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि कब्सच्या १९०८ च्या विजेतेपदामागेही अशीच एक कहाणी आहे. त्या सप्टेंबरात न्यूयॉर्क जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल सामना जिंकला असं समजून दुसऱ्या बेसला पाय न लावताच मैदानाबाहेर वळला. त्या काळी सगळेच तसं करत. कब्सनी अपील केलं, निकाल रद्द होऊन सामना पुन्हा खेळवला गेला, तो कब्सनी जिंकला आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. मर्कलला आयुष्यभर ‘मूर्ख’ म्हणून हिणवलं गेलं.

याच्या अगदी उलट उदाहरण १९९६ चं. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बारा वर्षांच्या एका मुलाने कठड्यावरून हात बाहेर काढून चेंडू स्टँडमध्ये ओढला. क्षेत्ररक्षक खाली झेलाच्या तयारीत होता. पंचांच्या ते लक्षात आलं नाही, यांकीजना होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, मिळाला आणि ते सामना जिंकले. त्या मुलाने खरोखर मैदानाच्या हद्दीत हात घातला होता. न्यूयॉर्कने त्याला डोक्यावर घेतलं. त्याच्यावर कुणी रागावू नये हे योग्यच, लहान मूल होतं ते. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की लक्षात येतं, नियमाचा इथे कुणाला विचारच करायचा नव्हता. हाताने कुणाचा फायदा झाला, एवढंच पाहिलं गेलं.

२०१६ मध्ये कब्सनी अखेर वर्ल्ड सिरीज जिंकली. ३१ जुलै २०१७ ला संघाने त्या चाहत्याला, खेळाडूंना देतात तशी विजेतेपदाची अंगठी दिली. त्याने ती कृतज्ञतेने घेतली, कसलाही समारंभ न करता. आपण समाजात एकमेकांशी कसं वागावं याची या अंगठीने आठवण राहावी, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा अनेकांनी म्हटलं, शिकागोने त्याला माफ केलं. हे मला पटत नाही. माफी गुन्ह्याला असते. त्याचा गुन्हा कोणता? देणं निघत असेल तर ते शहराकडून त्याचं निघतं.

आणि झेल मिळाला असता तर सगळं निभावलं असतं, असं अजूनही ज्यांना वाटतं, त्यांनी २०१६ च्या त्याच अंतिम लढतीतला सातवा सामना आठवावा. २ नोव्हेंबरला क्लीव्हलँडमध्ये आठव्या इनिंगला कब्स ६-३ ने पुढे होते आणि दोघे बाद झाले होते. तीन धावांची आघाडी, आठवी इनिंग, दोन बाद, म्हणजे अलूने तो झेल घेतला असता तर २००३ मध्ये जी स्थिती झाली असती, जवळजवळ तीच. तिथून एक साधा फटका, एक लांब फटका आणि राजाय डेव्हिसचा होमरन, अशा तीन बॅटरांत सामना ६-६ झाला. कब्स जिंकले ते नंतर दहाव्या इनिंगमध्ये त्यांनी आणखी दोन धावा काढल्या आणि ८-७ अशी आघाडी टिकवली म्हणून. २००३ मध्येही सावरायला आठव्या इनिंगचा उरलेला भाग होता, नववी इनिंग होती आणि दुसऱ्या दिवशी, आपल्याच मैदानावर, एक अख्खा सामना होता.